अकरा रिपोर्ट, तीन डॉक्टर आणि राहून गेलेली एक तपासणी

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेने लांबलचक पत्र लिहून विचारलं आहे. पत्राचा सारांश असा. वय ३३. गेल्या जूनमध्ये चार दिवस ताप आला, तो उतरला, पण बोटं आणि मनगटं दुखायची राहिली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. थकवा इतका, की चौथ्या तासाला खुर्चीवर बसूनच शिकवावं लागतं. केस मूठमूठभर गळतात. तोंडात अधूनमधून फोड येतात, संध्याकाळी बारीक ताप असतो. बेळगाव, कोल्हापूर, पुन्हा बेळगाव असे तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी ‘वात’ सांगितला, दुसऱ्यांनी ‘ल्युपसची शंका’ (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, किडनीवर उलटते तो आजार) म्हटलं, तिसरे म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका, काही नाही.’ सोबत अकरा रिपोर्टांचे आकडे आहेत. हिमोग्लोबिन ९.४. पांढऱ्या पेशी सप्टेंबरात ३६०० आणि जानेवारीत ३४००. प्लेटलेट्स १ लाख ३८ हजार. ईएसआर ६२, सीआरपी ३. आरए फॅक्टर २४ (लॅबची मर्यादा १४). एएनए १:१६०, स्पेकल्ड (ठिपकेदार). टीएसएच ६.८. प्रश्न एकच: ‘मला नक्की काय झालंय?’

ताई, पत्रावरून निदान करणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, मग तो मी का असेना. पण तुमचे आकडे काय बोलतात, काय बोलत नाहीत आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं, एवढं मी इथून सांगू शकतो. सत्तावीस वर्षं बेळगावात बसून खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड इकडचे सांधे बघतोय. तुमच्यासारखी रिपोर्टांची पिशवी घेऊन येणारं आठवड्याला एक तरी माणूस असतं.

तुमच्या अकरा कागदांत एक कागद नाही. लघवीचा. आठ महिने, तीन डॉक्टर, एवढे पैसे, आणि लघवीची साधी तपासणी कुणी केली नाही, किंवा केली असेल तर तुम्ही मला पाठवली नाही. त्यावर नंतर येतो, कारण माझ्या मते या सगळ्यात ती पहिली आहे.

आधी एएनए. या तीन अक्षरांनी आपल्याकडे जेवढी झोप उडवली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या तपासणीने क्वचितच उडवली असेल. स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आहेत का, एवढंच ती बघते. रक्त पातळ करत जायचं आणि कितव्या पायरीपर्यंत चमक दिसते ते मोजायचं, म्हणून १:४०, १:८०, १:१६० अशी भाषा. १९९७ साली अनेक देशांतल्या निरोगी माणसांच्या रक्तावर एक मोठा अभ्यास झाला. ठणठणीत असलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांत १:४० ला, १३ टक्क्यांत १:८० ला आणि ५ टक्क्यांत १:१६० ला एएनए पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे दोन हजार मोठी माणसं असलेलं गाव धरलं, तर तुमच्याइतका एएनए घेऊन शंभरेक जण भात लावतायत, दूध घालतायत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. त्या शंभरांत ल्युपस असलेला एखादा असला तर असला. म्हणून निव्वळ एएनए बघून ‘ल्युपसची शंका’ म्हणणं घाईचं आहे.

त्याच मापाने, ‘काही नाही’ म्हणणंही घाईचंच. कारण तुमच्याकडे निव्वळ एएनए नाही.

माझी नजर थांबली ती पांढऱ्या पेशींवर. ३६०० आणि चार महिन्यांनी ३४००. विषाणूंच्या पुष्कळ तापांत पांढऱ्या पेशी खाली जातात, डेंगीत तर हमखास, पण त्या महिन्याभरात वर येतात. दोनदा, एवढ्या अंतराने, चार हजारांच्या खाली राहिलेला आकडा तापाच्या खात्यावर टाकता येत नाही. त्यातल्या लिम्फोसाइट किती, हे त्याच कागदावर टक्क्यांत लिहिलेलं असेल. ३४०० ला त्या टक्क्यांनी गुणा. एक हजाराच्या आसपास किंवा खाली उत्तर आलं, तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. प्लेटलेट्स १ लाख ३८ हजार म्हणजे दीड लाखाच्या किंचित खाली. एरवी मी त्याकडे बघितलंही नसतं, पण पांढऱ्या पेशींच्या जोडीला आहेत म्हणून लक्षात ठेवतो.

ईएसआर ६२ आणि सीआरपी ३, ही जोडी मजेशीर आहे. दोन्ही सूज मोजतात म्हणतात, मग एक आभाळाला आणि एक जमिनीला कसा? ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते. रक्त कमी असलं की त्या भराभर बसतात. तुमचं हिमोग्लोबिन ९.४, म्हणजे त्या ६२ मधला काही वाटा नुसत्या अशक्तपणाचा. बायकांसाठी ढोबळ हिशेब असा, की वयात दहा मिळवा आणि निम्मं करा. तुमच्यासाठी साडेएकवीस. ६२ त्याच्या पुष्कळ वर आहे, सगळा भार अशक्तपणावर टाकायला मन धजत नाही. आणि ल्युपसमध्ये ईएसआर चढलेला, सीआरपी मात्र साधा, असं वारंवार दिसतं. उलट जंतुसंसर्गात सीआरपी उसळी मारतो. पुढे तुम्ही या वाटेला लागलात तर हा फरक कामाला येईल: ताप आला आणि सीआरपी शंभर झाला, तर आधी जंतू शोधायचा.

आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) शोधायला करतात तो आरए फॅक्टर, तुमचा २४, मी बाजूला ठेवतो. मर्यादेच्या तिपटीच्या आत असला की तो ‘कमी पॉझिटिव्ह’ धरतात. तुमची मर्यादा १४, तिप्पट ४२. असा आकडा निरोगी माणसांत, म्हाताऱ्यांत, काविळीच्या बी आणि सी विषाणूंत, क्षयात, कुष्ठरोगात, सगळीकडे निघतो. खऱ्या आमवाताबद्दल विचारायचं असेल तर अँटी-सीसीपी करा, ती जास्त नेमकी आहे. टीएसएच ६.८ मात्र सोडू नका. थायरॉइड किंचित मंद आहे, थकवा आणि केसगळती यातला काही हिस्सा तिथून येत असेल. थायरॉइडचा स्वतःचा जो स्वयंप्रतिकार (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार आहे, त्यात एएनए पॉझिटिव्ह निघणंही नेहमीचं. म्हणून अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं, बघायची. तुमचा एएनए तिथलाच निघू शकतो.

(जाता जाता. लॅबची ‘नॉर्मल रेंज’ म्हणजे निरोगी शंभरांपैकी मधल्या पंचाण्णवांचे आकडे. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर अगदी निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. हा गणिताचा भाग आहे, आजाराचा नव्हे. ऐंशी तपासण्यांचं ‘पॅकेज’ घेऊन येणाऱ्यांना मी हे कागदावर सोडवून दाखवतो. तुम्ही तर शिक्षिका आहात.)

आता तारखा. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: ‘जूनमध्ये चार दिवस ताप आला.’ मला ते सगळ्या रिपोर्टांइतकं महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडची माणसं तारखा सांगत नाहीत, सण सांगतात. माझ्याकडे एक काकू यायच्या, त्यांचा सगळा आजार मी सणांवरून लिहून घेतला होता. ‘बेंदराला ताप आला. पंचमीला पोळी लाटवंना. गणपतीत बरं होतं. दसऱ्यात केस गेले. यल्लम्माच्या जत्रंला डोंगर चढताना धाप लागली.’ यातली शेवटची ओळ ऐकून मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि फुप्फुसाभोवती पाणी सापडलं. ती धाप त्यांनी आधीच्या कुणालाच सांगितली नव्हती. का, तर ‘मी हाताचं दुखणं दाखवायला गेले होते.’

तुम्ही एक वहीचं पान घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे महिना किंवा सण, उजवीकडे काय झालं. मराठीत लिहा, समोरचा डॉक्टर कन्नड बोलणारा असला तरी बेळगावात वाचायला कुणीतरी असतंच. ताप किती दिवस, अंगावर पुरळ होतं का, घरात किंवा वाड्यात आणखी कुणाचे सांधे धरले होते का. शाळेत त्या सुमारास मुलांचे गाल लाल होऊन ताप आला होता का, हेही. हसू नका, मुलांत राहणाऱ्या शिक्षिकांना तो पार्व्होचा विषाणू पकडतो. मुलं दोन दिवसांत खेळायला लागतात आणि बाईंची बोटं आठवडेच्या आठवडे सुजून राहतात.

तुमच्या जूनच्या तापामुळे मला आधी चिकुनगुनिया आठवतो. २००५ च्या अखेरीस आंध्रातून सुरू झालेली ती साथ २००६ मध्ये आपल्या उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात गावंच्या गावं वाकवून गेली. ज्यांनी ती पाहिली ते विसरणार नाहीत: अख्खी गल्ली भिंतीला धरून चालत होती. ताप चार दिवसांचा, सांधे मात्र काहींचे वर्ष-दोन वर्षं. आणि त्या काळात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह निघू शकतो, हुबेहूब आमवातासारखं चित्र दिसतं. तेव्हा कित्येकांना आमवाताची औषधं सुरू झाली आणि पुढे ती बंदही झाली. अजूनही पावसाळ्यात तुरळक रुग्ण येतात.

दुसरा आपल्या मातीतला पाहुणा ब्रुसेला, जनावरांतून माणसात येणारा जंतू. गाभडलेली म्हैस किंवा शेळी, तिची वार हाताने काढणं, निरसं दूध. ताप चढतो-उतरतो, घाम येतो, कंबर आणि मोठे सांधे दुखतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. रुग्ण क्षयाची, संधिवाताची औषधं घेत फिरतो. घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही, शहरात वाढलेला डॉक्टर तर नक्कीच विचारणार नाही. तिसरा कुष्ठरोग. त्याच्या ‘रिअ‍ॅक्शन’मध्ये हातपाय सुजतात, ताप येतो, आणि अशी माणसं महिनोन्‌महिने ‘वाताची’ म्हणून फिरतात. अंगावर बधिर चट्टा आहे का, कोपराच्या आतल्या बाजूची शीर जाड लागते का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात आणि मशीन लागत नाही.

हे सगळं आधी का? कारण ल्युपस असो की आमवात, उपचार म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते. आत क्षय, कावीळ बी किंवा ब्रुसेला दबा धरून असेल आणि वरून स्टिरॉइड पडलं, तर आगीत तेल.

पण तुमच्या बाबतीत, एवढ्यावरून मत द्यायचं झालं तर, चिकुनगुनिया किंवा पार्व्होने आठ महिन्यांनंतरही पांढऱ्या पेशी दाबून ठेवलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत. म्हणून माझा काटा स्वयंप्रतिकार आजाराकडे झुकतो, पण टेकलेला नाही.

तो टेकवायला तुमचे हात बघावे लागतील. सांधा दुखणं वेगळं आणि सांधा सुजणं वेगळं. घरी करून बघा. मूठ आवळा आणि मुठीवरचे चार उंचवटे उजेडात धरा. निरोगी हातात त्या चार टेकड्यांमध्ये तीन स्वच्छ दऱ्या दिसतात. दऱ्या बुजल्या असतील, टेकड्यांची एकच सपाट गादी झाली असेल, तर सूज खरी. मग दुसऱ्या हाताने त्या चारी गाठी आडव्या धरून दाबा, हस्तांदोलन करतो तसं. कळ आली तर तीही नोंद. आणि भाकरी. ज्वारीची भाकरी थापताना सगळा भार तळव्याच्या टाचेवर आणि मनगटावर येतो. ‘थापता येते, पण परातीतून उचलता येत नाही’ असं म्हणणाऱ्या बाईचं मनगट मी नेहमी नीट बघतो. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका तर सांगतात, ‘आधी हजार व्हायच्या, आता पाचशेला बोटं धरतात.’ कुठल्याही तपासणीपेक्षा तो आकडा खरा. तुमच्या बाबतीत फळ्यावर लिहिणं असेल, खडू सुटतो का?

आणि मोबाइल कशासाठी आहे? सूज आली, गालावर लाली आली, की त्याच वेळी फोटो काढा. सूज मंगळवारी येते आणि डॉक्टरांची वेळ शुक्रवारची असते. शुक्रवारी हात इतका शहाणा दिसतो की सोबत आलेल्या नवऱ्यालाही शंका यायला लागते. तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी ‘टेन्शन’ म्हटलं, त्या दिवशी तुमचा हात बहुधा असाच शहाणा होता. त्यांना मी दोष देत नाही, पण ‘काही नाही’ हे निदान नव्हे.

तोंडातले फोड दुखतात का? ल्युपसचे बहुतेक टाळूवर असतात आणि दुखत नाहीत, रुग्णाला माहीतही नसतात, टॉर्च लावून शोधावे लागतात. जिभेच्या कडेला, गालात, जेवताना झोंबणारे फोड लोहाच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेचे असू शकतात, आणि तुमचं हिमोग्लोबिन ९.४ आहे. मशेरी लावत असाल तर तेही सांगा. शिक्षिकेला कसं विचारायचं म्हणून हा प्रश्न राहून जातो, आणि लाजून उत्तरही राहून जातं.

इंटरनेटवर ल्युपसच्या गुणांचा तक्ता फिरतो. २०१९ चा आहे तो. एएनए १:८० किंवा वर असेल तरच दार उघडतं, मग सांध्यांना ६, कमी पांढऱ्या पेशींना ३, केसगळती किंवा फोडांना २ असे गुण मिळवायचे, बेरीज १० झाली की ल्युपस. तुम्ही तो पाहिला असेल आणि बेरीज ११ केली असेल, तुमच्या पत्राचा सूर मला तसा वाटला. पण त्या तक्त्यात पहिलाच नियम आहे, तो कुणी वाचत नाही: एखाद्या लक्षणाला दुसरं जास्त पटणारं कारण असेल, तर त्याचे गुण धरायचे नाहीत. केसगळती थायरॉइडची आणि लोह कमी असल्याची असू शकते. फोड बी-१२ चे. शिवाय तो तक्ता अभ्यासासाठी सारखे रुग्ण निवडायला बनवलेला आहे, घरी बसून स्वतःला नाव चिकटवायला नाही. बेरीज पुसून टाका.

आता लघवी.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी एका दवाखान्यात ओपीडी बघत होतो. निपाणीकडची बावीस वर्षांची मुलगी, आई विड्या वळणारी. बोटं दुखतात, गालावर लाली. मी एएनए पाठवला, तेव्हा तो पुण्या-मुंबईला जायचा आणि रिपोर्ट यायला वेळ लागायचा. तोवर दुखण्याच्या गोळ्या दिल्या. ती महिन्याने आली, पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला उठताना तिची आई सहज म्हणाली, ‘चप्पल घट्ट व्हायलीय बघा हिला.’ मी पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला. बीपी मोजलं, १६० वर शंभर. बावीस वर्षांची पोर. लघवीत प्रथिनं तीन प्लस आणि रक्ताच्या पेशी. बायोप्सीत चौथ्या वर्गाचा किडनीचा ल्युपस निघाला. तीन महिने मी सांध्यांकडे बघत होतो आणि ज्या अवयवाला दुखता येत नाही तो जळत होता. वर माझ्या दुखण्याच्या गोळ्या, त्याही किडनीला जाचकच. तिची किडनी टिकली, मिरजेच्या आणि इथल्या डॉक्टरांनी टिकवली. पण ती चूक माझी होती, आणि त्यानंतर सांधे दुखतायत म्हणून आलेल्या कुठल्याही तरुण बाईला मी लघवीची बाटली दिल्याशिवाय पाठवलेलं नाही.

म्हणून तुम्ही याच आठवड्यात लघवीची रूटीन तपासणी करा, आणि सोबत प्रथिनं-क्रिएटिनिन गुणोत्तर. ते ०.५ च्या वर गेलं किंवा लाल पेशी दिसल्या, तर बाकी सगळं बाजूला ठेवून थेट संधिवाततज्ज्ञ किंवा किडनीच्या डॉक्टरांकडे. बीपीही मोजून घ्या, पीएचसीत होतं.

पुढच्या तपासण्या एका दमात करू नका. पहिल्या खेपेला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) परत, स्मिअर (काचेवर पेशी बघणं) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) यांसह. हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी आहे की पेशी आतल्या आत फुटतायत, हे त्यातून कळायला सुरुवात होते, आणि फुटत असतील तर कूम्ब्ज तपासणी (लाल पेशींवर प्रतिपिंडं बसली आहेत का ते बघणारी). फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, क्रिएटिनिन (किडनीचं काम), लिव्हर, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, अँटी-सीसीपी, अँटी-टीपीओ. जनावरांशी संबंध असेल तर ब्रुसेला. या पहिल्या खेपेतून शंका घट्ट झाली तरच डीएस-डीएनए आणि ईएनए (जास्त नेमकी प्रतिपिंडं), सी-३, सी-४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं). यातली डीएस-डीएनए आणि सी-३, सी-४ पुढे आजार चढला-उतरला की हलतात, म्हणून पुन्हापुन्हा करायच्या असतात. एएनए पुन्हा करू नका. एकदा पॉझिटिव्ह आला, काम संपलं. १:१६० चा १:३२० झाला म्हणून आजार दुप्पट होत नाही. दर महिन्याला एएनए करून आलेली माणसं पाहिली आहेत मी, त्या पैशात त्यांच्या वर्षभराच्या लघवीच्या तपासण्या झाल्या असत्या.

एक खासगी प्रश्न. गर्भ राहून पडला आहे का कधी? आपल्याकडे सासू शेजारी बसलेली असताना बाई याचं उत्तर ‘नाही’ देते, आणि नंतर एकटी आत येऊन सांगते. दोन-तीनदा असं झालं असेल, किंवा पायात रक्ताची गाठ झाली असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड (रक्ताच्या गाठी करणाऱ्या प्रतिपिंडांच्या) तपासण्या लागतात. त्या बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आल्या तरच खऱ्या धरतात. आणि मूल हवं असेल तर ईएनएमधलं ‘रो’ प्रतिपिंड बघून ठेवावं लागतं. ते असलं, तर पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात.

आता एक विनंती, थोडी कडक. निदान होईपर्यंत कुणी दिलेली बिननावाची पुडी घेऊ नका. बाजारात, जत्रेत, एखाद्या गावच्या ‘वाताच्या औषधा’ला गुरुवारी रांग असते, आणि दोन दिवसांत हात मोकळा होतो. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, कोल्हापूर-बेळगावातले नोंदणीकृत वैद्य माझ्याकडे रुग्ण पाठवतात आणि मी त्यांच्याकडे. भांडण लेबल नसलेल्या पुडीशी आहे. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा कुटलेलं स्टिरॉइड असतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि तपासायला याल तेव्हा सूज गायब, पांढऱ्या पेशी वर. चित्रच पुसलेलं. तुम्ही आधीच अशी पुडी महिना-दोन महिने घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, अचानक तोडलं तर बीपी कोसळतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ओरडा खा, आणि ती हळूहळू कमी करून घ्या.

कुठे जायचं? बेळगावात जिल्हा रुग्णालय (बिम्स) आहे, केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे. पहिल्या खेपेच्या तपासण्या तिथे व्यवस्थित होतात. खानापूरहून मिरजेला थेट रेल्वे आहे, निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, इकडून हुबळी. संधिवाततज्ज्ञ जवळ ज्या शहरात मिळेल तिथे एकदा दाखवा आणि मग महिन्याची देखभाल जवळच्या फिजिशियनकडे. तीन शहरांत तीन डॉक्टर एकाच वेळी चालवू नका. एकाने दिलेली मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, दुसऱ्याच्या चिठ्ठीत ती चुकून रोजची झाली आणि तोंड सोलून, पेशी शून्याकडे गेलेली बाई मी वाचवलेली आहे, थोडक्यात. सरकारी कार्डांचा भर भरती झाल्यावरच्या उपचारांवर असतो, ओपीडीतल्या तपासण्या बहुतेक खिशातूनच जातात. म्हणून तर म्हणतो, खेपेखेपेने करा.

आणि हे सगळं करूनही नाव मिळालं नाही तर? मिळणार नाही, असं बऱ्याचदा होतं. लक्षणं आहेत, प्रतिपिंडं आहेत, पण ल्युपस म्हणावं इतकं नाही, आमवात म्हणावं इतकं नाही. याला आम्ही ‘अनडिफरन्शिएटेड’ म्हणतो. डॉक्टरांनी हात टेकले असा त्याचा अर्थ होत नाही. कित्येकांचं वर्षानुवर्षं तिथेच राहतं, काहींचं विरून जातं, काहींत दोन-पाच वर्षांत चेहरा स्पष्ट होतो. तोवर बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ठेवतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत, सुरुवातीला डोळे तपासून. नाव नसलं तरी दर तीन महिन्यांनी लघवी, सीबीसी आणि बीपी, तारीख ठरवून. शाळेच्या तिमाहीशी जोडून टाका, विसरणार नाही. परिपाठाला मुलांसोबत उन्हात उभं राहावं लागतं ना, तिथे छत्री धरा. लाजू नका.

मध्येच कधी धाप लागली, छातीत श्वासागणिक टोचलं, झटका आला, एक बाजू लुळी पडली, अंगावर आपोआप काळे-निळे डाग उठले किंवा चेहरा आणि पाय सुजले, तर वहीचं पान, फोटो काही शोधू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

लघवी सकाळची द्या, सुरुवातीची थोडी सोडून मधली. पाळी चालू असेल तर ती संपून दोन-तीन दिवस जाऊ द्या, नाहीतर लाल पेशी पाळीच्याच निघतील आणि तुम्ही-आम्ही दोघंही घाबरू. बाटली मेडिकलमधूनच घ्या. घरची धुतलेली सिरपची बाटली चालत नाही.